दादूकाकांचा खांदेकरी

दादूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा स्मिता विलासच्या शर्टाची बटणं लावत होती. उजवा हात झोळीत, झोळी पट्ट्याने पोटाशी बांधलेली आणि शर्टाची एक बाही रिकामी लोंबणारी. खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे किरकोळ, दोन-तीन बारीक भोकं, असं जो तो त्याला सांगत होता. भोकं दुसऱ्याच्या खांद्याला असली की बारीकच असतात.

खांदा कामातून गेला तोही दादूकाकांपायीच. करावे गावाच्या खाडीवर जाळं फेकायला शिकवताना ते "आजून जोरात!" म्हणाले आणि विलासने ऐकलं. त्या निपुत्रिक म्हाताऱ्या कोळ्याने सीवूड्सच्या फ्लॅटमधल्या या बँकवाल्यावर का जीव लावला, देव जाणे. "मना पोरगा नाय. म्होरचा खांदा तुजा," असं त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. हॉस्पिटलात आले ते सुके बोंबील घेऊन, आणि विचारलं एवढंच, "खांदा कवा बरा व्हनार?"

"गणपतीपर्यंत, म्हणतायत डॉक्टर."

"बरा. तवर थांबतो."

थांबले नाहीत.

"अहो, चहाचा कप उचलवत नाही तुम्हाला, तिरडी काय उचलताय!" स्मिता म्हणाली.

"कप उजव्या हाताने उचलायचा असतो. तिरडी डाव्या खांद्यावर घेईन."

तिने शेवटचं बटण लावलं आणि नाक ओढत चपला काढून दिल्या.

विलास तिरडीच्या उजव्या बाजूला, पुढे उभा राहिला. गावची गल्ली चिंचोळी आणि दोन्ही अंगांना स्कूटर लावलेल्या. पहिल्याच स्कूटरचा आरसा झोळीतल्या कोपराला बसला आणि विलास गल्ली दणाणेल असा ओरडला, "आई गंऽऽ!"

तिरडी थांबली. रडून दमलेल्या बायकांनी नव्याने गळा काढला. दारातून गंगूकाकी म्हणाल्या, "पोटचा पोर बी आसा रडला नसता गो!"

नाही हो, आरसा लागला, असं प्रेतासमोर कोण सांगणार?

खांदेकरी थोड्या थोड्या वेळाने बदलतात, याच भरवशावर तो आला होता. काकांचा पुतण्या प्रितेश पुढे झालाही. "द्या दादा, मी घेतो. तुमचा खांदा दुखतोय."

"ए, त्याला हलवू नको," एका म्हाताऱ्याने त्याला मागे ओढलं. "लेकाची जागा हाय ती."

पुढे आणखी एक स्कूटर, मग गटाराचं झाकण, मग टेम्पो. प्रत्येक धक्क्याला विलास कळवळला आणि प्रत्येक वेळी त्याचा मान वाढत गेला. बाकी तिघे बदलले, पुन्हा बदलले. विलासला कुणी हात लावेना. दुःखात माणसाला त्रास देऊ नये, एवढी समज सगळ्यांना होती.

स्मशानात तिरडी उतरली. कुणीतरी खुर्ची दिली. हळूहळू खांद्याची कळ ओसरली आणि विलासला हायसं वाटलं. मग त्याचं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे गेलं. जाळं नीट पडलं की तोंड जसं किंचित उघडं राहायचं, तसंच राहिलं होतं. आता "आजून जोरात" म्हणणारं कुणी नव्हतं. विलासला हुंदका आवरेना. रिकाम्या बाहीने डोळे पुसत तो लहान मुलासारखा रडू लागला.

प्रितेश धावत आला. "बगा, मी बोल्लो होतो! खांदा दुखतोय यांचा. आरे, कोनीतरी गोळी द्या रे!"

तिघांच्या खिशांतून गोळ्या निघाल्या. विलासने एक घेतली. ती काही लागू पडली नाही.