केसूआबांचे पाहुणे

एका जंगलात त्या दिवशी फार उकडत होतं. ढग आले होते, पण पाऊस काही पडणार नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

मुलांनो, त्या जंगलात केसूआबा नावाचं म्हातारं अस्वल राहायचं. पोरं दुसऱ्या डोंगराला राहायला गेली होती. आग्रह करून वाढावं असं घरात कुणी उरलं नव्हतं. तशात जंगलात टूम निघाली, दारोदारी गांडुळांची पेटी हवी. आबांनीही आणली. उष्टं-खरकटं थोडं थोडं टाकायचं, गांडुळं त्याचं खत करतात. एवढंच काम.

पण दारी आलेल्याला उष्टं कसं वाढायचं? आणि थोडं तरी कसं वाढायचं? आबांनी ताजं वाढलं. पिकली करवंदं, मधात कुस्करलेली भाकरी, वर लोणच्याची फोड.

"घ्या हो. एवढ्यानं काय होतंय? माझी शपथ आहे."

गांडुळं काही बोलली नाहीत. आबांना वाटलं, लाजतात. त्यांनी आणखी वाढलं.

त्या उकाड्याच्या दिवशी पेटीतून आंबूस वास सुटला. आबांनी हात घातला, तर चुलीतल्या राखेसारखं ऊन. गांडुळं झाकणाला चिकटून बाहेरची वाट शोधत होती. काही निपचित पडली होती. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साळू, माझं काही चुकलं का गं?" त्यांनी शेजारणीला विचारलं. शेजारीण साळिंदर. तिचं बोलणंही काट्याचं.

"पाहुणे ताटावरून उठून पळायला लागले, आबा. आणखी काय चुकायचं राहिलंय?"

"जेवण आवडलं नसेल," आबा म्हणाले आणि खीर करायला गेले.

खीर ढवळता ढवळता त्यांना हुडहुडी भरली. ताप चढला. ते गुहेत आडवे झाले ते झालेच. पेटी तशीच उघडी राहिली. पुढं वारा सुटला, सागाची वाळकी पानं पेटीत पडत राहिली. आबा तापात बरळायचे, "वाढा रे कुणीतरी. उपाशी मरतील बिचारी."

बऱ्याच दिवसांनी ते काठी टेकत पेटीपाशी गेले. पानं बाजूला केली. खाली काळंभोर, भुसभुशीत खत. त्यात लठ्ठ गांडुळं, आणि त्यांची दोऱ्यासारखी पिल्लंसुद्धा.

"माझी काळजी पोचली म्हणायची!" आबा हरखले आणि चुलीकडे वळले. "बाळंतिणी आहेत. डिंकाचे लाडू करतो."

तात्पर्य : ज्यांच्यावर आपली फार माया असेल, त्यांच्यासाठी अधूनमधून आजारी पडावं. कुंपणापलीकडून साळूही तेच म्हणाली, "इतक्यात उठलात कशाला, आबा? त्यांच्या जिवासाठी तरी आणखी चार दिवस पडून राहा."