वरनं दिसतंय

भर वैशाखात काळी घोंगडी पांघरून बाजारात जाणारा माणूस अख्ख्या बेळगावात एकच होता, आमचे शेजारी सखाराम आप्पा. घामानं निथळायचे, पण घोंगडी सोडायचे नाहीत. विचारलं की आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचे, "पांढरं वरनं दिसतंय, मास्तर."

वरनं म्हणजे विमानातून. दुसरं महायुद्ध चालू होतं, गावाजवळच सांबऱ्याला विमानतळ झाला होता, आणि शत्रूचं विमान आज ना उद्या तो हुडकत येणार याची आप्पांना खात्री होती. त्यांनी घराची पांढरी भिंत शेणानं सारवून घेतली. धोतरं माजघरात वाळू लागली. पांढऱ्या गाईला ते रोज काजळी फासायचे आणि ती बिचारी चाटून चाटून पुन्हा पांढरी व्हायची. आम्ही हसायचो. पण विमानाची घरघर ऐकू आली की मीही हळूच ओट्यावरून आत सरकायचो. भीती सगळ्यांनाच होती, आप्पा ती पांघरून हिंडायचे एवढंच.

त्यात धावपट्टी लांबवायचं निघालं. पेठेतले व्यापारी खूश झाले. निपाणीचे एक तंबाखूवाले आमच्या ओट्यावर बसून सांगू लागले, "लढाई सरली की आपला माल इमानातनं जाईल. गाव लई वाढंल बघा."

"वाढंल की," आप्पा म्हणाले. "आनि वरनं लांबनं दिसंल बी."

सगळे हसले, आप्पा सोडून. त्यांची थोरली बहीण सांबऱ्याला एकटी राहायची. आई गेल्यावर या आक्कानंच त्यांना वाढवलं होतं. तिचं निम्मं शेत धावपट्टीत गेलं, आणि उरलेलं निम्मं सोडून यायला ती काही केल्या तयार नव्हती. ऐन तारुण्यात विधवा झालेली, तेव्हापासून अंगावर कायम पांढरं लुगडं.

जोंधळा पुरुषभर झाला तेव्हा आप्पा मला म्हणाले, "सांबऱ्याला जायाचं हाय. एकट्याला भ्या वाटतंय. चला की."

काखेत गाठोडं होतं. आक्काच्या शेतावर पोचल्यावर त्यांनी ते सोडलं. आत गर्द हिरवं लुगडं निघालं.

आक्का मागे सरली. "सख्या, डोस्कं फिरलं काय रं? मी हिरवं नेसू? लोकं काय म्हनतील?"

"लोकं खालनं बघत्यात. मला भ्या वरच्याचं हाय. जोंधळ्यात हिरवंच दडतंय. नेस, आक्का. तुला काय झालं तर मला कोन हाय?"

ती बराच वेळ लुगड्यावरून नुसता हात फिरवत राहिली. मग खोपीत गेली. नेसून आली ती मान खाली घालून, पदर सारखा करत, आणि आमच्याकडे न बघता सरळ जोंधळ्यात शिरली.

आप्पांना खात्री करून घ्यायची होती. चढताना पायात येईल म्हणून त्यांनी घोंगडी माझ्या अंगावर टाकली आणि बांधावरच्या आंब्यावर चढले. ते शेंड्याजवळ पोचतात तोच पलीकडच्या धावपट्टीवरून विमान उठलं. मी घोंगडी डोक्यावर ओढून बांधाच्या आडोशाला बसलो. घरघर डोक्यावरून गेली तेव्हा कुठं मान वर केली.

आप्पा फांदीवर ताठ उभे होते, पांढऱ्या धोतरात, पांढऱ्या सदऱ्यात. विमानाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते खाली शेतात बघत होते.

"मास्तर," ते वरून म्हणाले, "आक्का दिसत न्हाय."