नोरीनचे स्कोन आणि ग्लेनचं अपडेट

"दोन मिनिटांचं काम आहे, नोरीन!" ग्लेन सासूला म्हणाला आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले.

वारांबीच्या कृषी प्रदर्शनातली स्कोन स्पर्धा म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न. स्कोन म्हणजे चहाबरोबर खायचे भट्टीत भाजलेले गुबगुबीत छोटे पाव, ते सारख्याच कागदी बश्यांत मांडायचे. बशीवर फक्त नंबर, तोही कुणाला कुठला पडला ते खुद्द करणारीलाही ठाऊक नाही! नावं ग्लेनच्या संगणकातल्या प्रोग्राममध्ये कुलूपबंद, प्रशस्तिपत्रंही तोच छापायचा. नऊ वर्षं तो प्रोग्राम पायथन या संगणकभाषेच्या जुन्या आवृत्तीवर निमूट चालला होता. पण नोरीन प्रदर्शनाच्या अध्यक्ष, आणि त्यांच्या लेखी जावई म्हणजे नुसता खायला काळ. त्यांच्यावर छाप पाडायला प्रशस्तिपत्राला सोनेरी किनार हवीच! ऐन स्पर्धेच्या सकाळी ग्लेनने किनार काढणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडलेला तयार कोडचा संच, अपडेट केली.

ती म्हणाली, मला नवा पायथन लागतो. ग्लेनने जुना हाकलून नवा बसवला. लगेच कुलूप उघडणारी जुनी लायब्ररी अडून बसली, या नव्याशी माझं जमणार नाही! एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसे.

तोवर निकाल लागला. सात नंबर पहिला, बारा नंबर शेवटचा. नावं मात्र कुलपात!

"आपापली बशी ओळखा ना!" ग्लेन घाम पुसत म्हणाला.

सात नंबरपाशी चौदाच्या चौदा बायका!

"माझेच ते!" नोरीन गरजल्या.

"चल गं! तुझा स्कोन फेकून मारला तर मेंढी आडवी होईल!" शेजारची ग्वेनिथ म्हणाली.

बारा नंबरकडे कुणी फिरकेना. नोरीननी त्यातला तुकडा चाखला नि थुंकला. "हा दगड कुणी भाजला? तिला पुन्हा मंडपात पाऊल ठेवू देणार नाही! ग्लेन, नाव शोध. शोधलंस तर मानलं तुला!"

सासूबाई मानणार! ग्लेनला भरूनच आलं. त्याने जुना पायथन परत आणला, किनारीची लायब्ररीही जुनी केली. कुलूप उघडलं.

सात नंबर, ग्वेनिथ. बारा नंबर... नोरीन!

ग्लेनने झटकन लॅपटॉप मिटला. "पहिलं नाव मिळालं, ग्वेनिथ. पुढे अडकलंय."

"ग्वेनिथ?" नोरीन मंडपभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "पहिलंच नाव चुकीचं! भंगार तुझा प्रोग्राम, आणि तू त्याहून!"

"खरंय, नोरीन," ग्लेन म्हणाला आणि त्याने सगळं पुन्हा अपडेटला लावलं.