पहिला अर्ज शेळीचा

मुलींच्या वसतिगृहासाठी आम्ही बनवलेल्या वेबसाइटवर पहिला अर्ज एका शेळीचा आहे. नाव बेगम. फोटोच्या चौकटीत काळीभोर, लांब कानांची, सरळ कॅमेऱ्याकडं बघणारी शेळी. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलंय, 'दहावी, शाळेत पहिली'.

अर्ज खलीलभाईंनी भरलाय. धाराशिवात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खलीलभाई वेबसाइट बनवतात आणि मी तक्रारींचे फोन घेते. फाइल नीट चढते का हे बघायला ते दर वेळी त्याच शेळीचा फोटो चढवतात. दूध संस्थेच्या वेबसाइटवर ती सभासद होती, वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर वधू. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा माफी मी मागितली. शेळीला दोन स्थळं आली होती.

खलीलभाईंचा पूर्वी टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर ते स्वतःच शिकले. काही अडलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "मॅडम, मशीन खोटं बोलत न्हाय. आपुन त्याला काय सांगितलं ते बघा." मग बघत मी बसायचं.

त्यांचं दुसरं खूळ त्याहून अवघड. लॉगिन केलेला माणूस बराच वेळ गप्प बसला की वेबसाइट त्याला बाहेर काढते. त्याला सेशन संपणं म्हणतात. बाकी सगळीकडं तिथं सरळ 'मुदत संपली' असं येतं. आमच्याकडं येतं, 'तुमचं लिहिलेलं जपून ठेवलंय. सावकाश या.' एकदा मी वैतागून म्हटलं, "खलीलभाई, ही वेबसाइट आहे का पाहुण्यांची खोली?"

"कुणालाबी मुदत संपली म्हणायचं न्हाय," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

यंदा अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळीच लोहारा तालुक्यातल्या माकणीहून सानिका नावाच्या मुलीचा फोन आला. तिचा हा चौथा फोन. "ताई, सगळा फॉर्म भरते. फोटो चढवायला गेलं की बाहेर काढतंय." मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, पुन्हा लॉगिन करा. ती म्हणाली, "वसतिगृह मिळालं न्हाय तर कॉलेज बंद म्हणालेत घरी." रडत नव्हती, नुसतं सांगत होती. अर्ज संध्याकाळी पाचला बंद होणार होते.

खलीलभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "बेटा, घरीच थांब. म्या येतो."

"ऑफिसात फाइल चढतेय की," मी म्हटलं.

"म्हणूनच. दुखणं तिकडं हाय," म्हणाले आणि लोहाऱ्याची एसटी धरली. एका फोटोसाठी! मी कपाळावर हात मारला.

तीन वाजता त्यांचा फोन आला. सानिका फॉर्म भरायची ग्रामपंचायतीच्या वायफायवर. त्यावर फोटो जात नाही, म्हणून फोटो चढवायला जायची गावाजवळच्या धरणाच्या भिंतीवर, तिथं मोबाइलचं नेटवर्क चांगलं. गावातली सगळी पोरं असंच करतात. पण नेटवर्क बदललं की फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, आणि पत्ता बदलला की आमची वेबसाइट समजायची, ही मुलगी दुसरीच कुणीतरी आहे.

"प्रोग्रॅममधली दोनशे बारावी ओळ पुसा," खलीलभाई म्हणाले.

"ती तुम्हीच लिहिलीय. दुसऱ्या कुणी अर्जात शिरू नये म्हणून."

ते म्हणाले, "व्हय. म्याच पोरींना बाहेर काढत होतो. पुसा. आन् आधी बेगमला चढवून बघा. मोठा फोटो माझ्या मशीनवर हाय."

ओळ पुसली. फोटो माझ्या फोनवर घेतला आणि पहिल्यांदाच तो अख्खा बघितला. चौकटीत आजवर फक्त मधला भाग दिसायचा. शेळीचं दावं धरून शाळेच्या गणवेशात एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, हातात गुणपत्रक. मी ऑफिसच्या वायफायवर अर्ज उघडला, वायफाय बंद करून जिन्यात गेले आणि फोटो चढवला. चढला. पाचला वीस मिनिटं असताना सानिकाचाही चढला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "खलीलभाई, ती मुलगी कोण?"

"शबाना. माझी लेक." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दहावीला पहिली आली. वसतिगृहाचा फॉर्म माझ्या हातात दिला. एकुलती एक पोर, घर खायला उठंल म्हणून म्या भरलाच न्हाय. तिला सांगितलं, मुदत संपली."

"संपली नव्हती?"

"आठ दिवस होते."

शबाना आता बिदरला असते. ईदला येते. फोनवर रोज बोलणं होतं, पण मुदतीचं खरं त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. मी त्यांचा फोन त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी लावला. ती कामात असावी, नंतर करते म्हणाली असावी.

"सावकाश कर, बेटा," खलीलभाई म्हणाले. "म्या हितंच हाय."

दुपारी जेवायला ते घरी गेले नाहीत. फोन टेबलावर उताणा ठेवून समोर बसून राहिले.