काटकोनात चालणाऱ्या रशिदाभाभी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर भाभींच्या गमती सांगण्याच्या ओघात ते नेहमीसारखं राहून जाईल.

बारामतीजवळच्या आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मी देखभाल बघतो आणि पळसदेवच्या रशिदाभाभी वायरिंग करतात. त्या रस्ता कधीही तिरका ओलांडत नाहीत. भर बाजारातही नाकासमोर, काटकोनात पलीकडे, ट्रॅक्टरवाल्यानं थांबावं. विचारलं तर म्हणतात, "सवय हाय. बारीक वायरीनं मोटरची केबल वलांडायची तर आशीच. तिच्या बाजूबाजूनं गप्पा मारत जायचं न्हाय."

त्यांच्या मते जगात दोनच वायरी. मोटरची केबल म्हणजे बँडवाला. वजनकाट्याची बारीक वायर म्हणजे कानात सांगितलेली गोष्ट. "बँडाशेजारी कुजबुजलं तर ऐकू येईल का, साहेब? मग हातभर लांब ठिवा की!" पुतणीच्या हळदीत जनरेटरची केबल आणि माइकची वायर एकाच खांबाला बांधलेली दिसली, तेव्हा नवरीला तसंच पाटावर बसवून त्यांनी मांडववाल्याला सगळं सोडायला लावलं. "हळद कुठं पळून जात न्हाय!" माइकची घुंघुं मात्र थांबली, मी तिथंच होतो.

विनय त्यांच्याकडे औषधालाही नाही. काम झालं की येणाऱ्या-जाणाऱ्याला पॅनेलपाशी बोलावतात, "बघून घ्या, पुन्यात दिसायचं न्हाय." आणि खरंच दिसत नाही. पाहुणे आले की मीसुद्धा गोदामाआधी त्यांना ते पॅनेल दाखवतो.

तर माझी चूक. काट्याच्या वायरीवर तारेची जाळी असते. भोवतालचा विजेचा गोंगाट ती अडवते. ही जाळी भाभी फक्त पॅनेलकडच्या टोकाला अर्थिंगला जोडतात. मोटरच्या केबलची मात्र दोन्हीकडे. एका सुट्टीच्या दिवशी मला वाटलं, काट्याकडचं टोक त्या विसरल्या. मी जोडून टाकलं. कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मोटरनं वेग घेतला की काट्यावरचे आकडे नाचू लागले. पोती कमी-जास्त भरली. मालक सगळ्यांदेखत भाभींना म्हणाले, "वय झालं आता तुमचं." तोवर माझ्या लक्षात आलं होतं. जाळी दोन्हीकडे अर्थिंगला जोडल्यामुळे गोंगाट तिच्यातूनच फिरत होता. संध्याकाळी मी गुपचूप ते टोक सोडलं. आकडे शांत झाले. मी गप्पच राहिलो.

बिघाड सापडला असता तर भाभी मालकांशी कडाकडा भांडल्या असत्या. तो आपोआप गेला, म्हणून त्या खचल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्या स्वतःचेच जोड एकेक ओढून पाहायच्या. एक दिवस माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझं काम आता दुसऱ्या कुणाकडनं तपासून घेत जावा."

"असं का म्हणता, भाभी?"

"घरी तरी माझं कोन हाय? ह्या दोन हातांच्या जिवावर मान वर करून चालले. आता त्यांचाच भरवसा वाटंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मालकांसकट सगळे जमले, तेव्हा मी उभा राहिलो.

"भाभी, काट्याकडचं ते टोक मी जोडलं होतं आणि मीच सोडलं. तुमच्या कामात खोट नव्हती. तुम्हाला बोलणी बसली तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि भित्र्यासारखा गप्प राहिलो. मला माफ करा."