मंगळवारी तू कुठे होतास?

"ओडेसा, आज ती सुरुवातीची बडबड नको हं. सरळ गाण्यावर ये," टेबल पुसता पुसता गस म्हणाला. बाल्टिमोरमधलं ते छोटं हॉटेल त्याचं होतं आणि रविवारी दुपारच्या जेवणाला तिथे ओडेसा प्रुइटचं गाणं असे.

"बडबड?" ओडेसाने कपाळाला आठ्या घातल्या. "अरे, पोर्चवर क्षणभर न थांबता घरात कोण घुसतं, माहितीये? चोर!"

जुन्या अमेरिकन गाण्यांची एक गंमत आहे. लोकांच्या ओठांवर असतो तो भाग जरा उशिरा येतो. त्याआधी थोड्या ओळींची एक सुरुवात असते, अर्धी गायची, अर्धी बोलल्यासारखी म्हणायची. बहुतेक गायक ती गाळून टाकतात. ओडेसा कधीच गाळत नसे. शाळेच्या खानावळीत पोरांना वाढता वाढता तिने अशा कितीतरी विसरलेल्या सुरुवाती शोधून पाठ केल्या होत्या. आता सत्तरीला टेकली तरी ती गायला उभी राहिली की कुणीतरी रचलेले शब्द गाते आहे असं वाटतच नसे. वाटे, ही बाई आत्ता, या क्षणी, आपल्याशीच बोलते आहे.

त्या दिवशी घोटाळा झाला तो याच गुणामुळे.

"आजच्या दिवस गा," गस शेवटी म्हणाला. "पण एक जरी टेबल वैतागून उठलं, तर पुढच्या रविवारपासून सुरुवाती बंद. नाहीतर गाणंच बंद."

ओडेसाने पियानोवाल्या वेंडेलला मान हलवून खूण केली.

वेंडेलने हलकेच सूर धरला. ओडेसा टेबलांमधून चालत निघाली आणि खिडकीपाशी एका टकल्या गृहस्थापुढे थांबली. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी हळू, दुखावल्या आवाजात तिने पहिली ओळ म्हटली, "मंगळवारी तू कुठे होतास? मी वाट बघत बसले..."

गृहस्थाच्या हातातला काटा बशीत पडला.

समोर बसलेल्या त्याच्या बायकोने, बर्नाडीनने, चष्मा नाकावर खाली ओढला. "हार्लन, ही बाई कोण?"

"मला काय ठाऊक! ती गाणं म्हणतेय!"

"कुठलं गाणं? मी नाही कधी ऐकलं. आणि मंगळवारी तू खरंच नव्हतास घरी!"

"अगं, दाताच्या डॉक्टरकडे..."

"...खोटं बोलू नकोस, राजा, तुझा चेहरा सगळं सांगतो," ओडेसाची दुसरी ओळ नेमकी तिथेच आली. बिचारीचा काही इलाज नव्हता. गाण्यात ती तशीच होती.

हार्लनला घाम फुटला. सगळं हॉटेल खाणं थांबवून ऐकू लागलं. "बरं, सांगतो!" तो ओरडला. "डोलोरेसकडे गेलो होतो!"

"माझ्या बहिणीकडे? कशाला?"

"क्रॅबकेक खायला."

बाल्टिमोरमध्ये माणूस बऱ्याच गोष्टी माफ करतो. पण बायकोच्या हातच्या खेकड्याच्या वड्या सोडून मेव्हणीच्या?

"दुसरी बाई असती तर एक वेळ समजून घेतलं असतं रे!" बर्नाडीनने पर्स उचलली. "तिच्या क्रॅबकेकमध्ये निम्मा पाव असतो, पाव!" ती उठून उभी राहिली.

एक टेबल उठत होतं. गल्ल्यापाशी, बायकोशेजारी उभ्या गसने हाताची घडी घातली. वेंडेलने घाबरून तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवत ठेवला. सुरुवातीची एकच ओळ उरली होती. ती सोडून ओळखीच्या भागावर उडी मारली असती तर कदाचित निभावलं असतं. ओडेसाने उडी मारली नाही. ती बर्नाडीनकडे वळली आणि ती ओळ तिने जशीच्या तशी, पण इतक्या मायेने म्हटली, की वेंडेलची बोटंच थांबली.

"भांडण उद्या करू. आज ये, माझ्याजवळ बस."

बर्नाडीनने पर्स परत टेबलावर ठेवली. मग तिने नाक शिंकरलं आणि बसली. समोरच्या खुर्चीत नाही, हार्लनच्या शेजारी. तेवढ्यात सगळ्यांच्या ओळखीची चाल आली आणि अख्खं हॉटेल गाऊ लागलं. हार्लन सगळ्यात मोठ्याने, आणि सगळ्यात बेसूर.

टाळ्या थांबेनात. "पुन्हा एकदा!" बर्नाडीन म्हणाली. "आणि सुरुवातीपासून हं, बाई. काही गाळू नकोस."

"सुरुवातीपासून!" बाकीच्या बायकाही ओरडल्या. त्यांचे नवरे कॉफीच्या कपात बघू लागले.

गसने हात टेकले. "म्हण बाई. यापुढेही म्हणत जा."

वेंडेलने सूर धरला. ओडेसा या वेळी चालत थेट गल्ल्यापाशी गेली आणि गसकडे बघून गोड हसली. तिने तोंड उघडण्याआधीच गसने बायकोकडे चोरून पाहिलं आणि तो घाईघाईने म्हणाला, "मी मंगळवारी हॉटेलातच होतो!"

वेंडेलची बोटं पियानोवर थबकली.

"पण गस," तो भाबडेपणाने म्हणाला, "मंगळवारी तर आपलं हॉटेल बंद असतं."