ग्लास म्हणजे आरसा

पार्लर त्याच दिवशी उघडायचं होतं आणि आरशाचा पत्ता नव्हता. बहिणीने पार्लरपायी चांगली नोकरी सोडली होती. पहिलं गिऱ्हाईक म्हणून शाळेच्या मुख्याध्यापिका येणार होत्या. त्या खूश झाल्या तर मागोमाग सगळ्या शिक्षिका येणार, नाही तर दुकान गुंडाळा.

आरशाचं काम तिच्या दादाने अंगावर घेतलं होतं. दादा नुकताच फ्रेंच शिकायला लागला होता, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार. कोपऱ्यावर एक फ्रेंच माणूस वाटेल तो माल पुरवायचा. त्याला दादाने ऐटीत फोन केला आणि एक मोठी 'ग्लास' मागवली.

"पाणी प्यायचा ग्लास?" बहिणीने विचारलं.

"तुला नाही कळायचं. फ्रेंचमध्ये ग्लास म्हणजे आरसा."

दारात टेम्पो थांबला आणि बादलीएवढा आइस्क्रीमचा डबा उतरला. फ्रेंचमध्ये आइस्क्रीमही ग्लासच, पण दादाचे धडे तिथवर पोचले नव्हते. त्याने पुन्हा फोन करून सांगितलं, खायची नको, काचेची पाठवा. थोड्या वेळाने मोटारीच्या दाराची काच आली. तीही ग्लासच. तिच्यात बघावं तर पलीकडे दादाचं तोंड दिसे, आणि ते बघायची बहिणीला मुळीच इच्छा नव्हती.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. समोरच्या रिकाम्या भिंतीकडे लक्ष जाऊ नये म्हणून दादाने त्यांच्या हातात आइस्क्रीमची वाटी दिली. बहिणीने केस कापायला घेतले, पण खाताना त्यांची मान कलंडायची, आणि दोन्ही बाजू ताडून बघायला आरसा नव्हता. उजवे केस खांद्यावर राहिले, डावे कानावर गेले. बहिणीला रडूच यायला लागलं.

"एक बाजू हलकी का लागतेय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"फ्रेंच कट आहे, बाई," दादा म्हणाला. "डावीकडे वरच ठेवतात."

बाई पैसे देऊन गेल्या. बहिणीने उरलेलं आइस्क्रीम रागारागाने गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एकदाचा आरसा आला. दादा तो भिंतीवर टांगतोय तोच मुख्याध्यापिका दारात, मागे चार शिक्षिका. बहिणीने पटकन कात्री पाठीमागे लपवली.

"यांनाही अगदी असाच फ्रेंच कट हवाय," बाई म्हणाल्या. बाईंचे केस वाकडे आहेत म्हणायची शाळेत कोणाची टाप होती?

बहिणीने पहिलीला खुर्चीत बसवलं. पण समोर आरसा दिसला की शिकलेला हात आपोआप दोन्ही बाजू सारख्या करायला लागे. बाईंच्या कपाळाला आठी पडली. बहीण हळूच दादाजवळ सरकली.

"दादा, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेव," ती कुजबुजली. "आणि ती खायची ग्लास परत मागव."